टाचेचा थेंब आणि चौदाव्या वर्षीचा ल्युकेमिया

मुलाला ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झाल्याचं कळलं की आईबाप मागचे सहा महिने उकरत बसतात: कुठला ताप अंगावर काढला, काय खायला दिलं. पण पुष्कळदा या आजाराची सुरुवात पोटात असतानाच झालेली असते. हे उघड झालं ते टीपकागदामुळे.

अनेक देशांत बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब जाड टीपकागदावरच्या छापील वर्तुळांत घेतात. हेतू वेगळाच, जन्मजात चयापचयाचे आजार ओळखण्याचा. अमेरिकेतल्या रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत रूढ केली. काही ठिकाणी ही कार्डं वर्षानुवर्षं जपलेली असतात. १९९०च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमधले मेल ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पुढे ल्युकेमिया झालेल्या मुलांची अशी कार्डं तपासली.

मुलांमधल्या नेहमीच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत १२ आणि २१ क्रमांकाची गुणसूत्रं तुटून चुकीची सांधली जातात. ईटीव्ही-६ आणि रन्क्स-१ ही जनुकं एकमेकांना चिकटतात. सांधा नेमका कुठे बसला ते प्रत्येक मुलात निराळं असतं, म्हणून आधी आजारी पेशींमधला सांधा अक्षर न् अक्षर वाचायचा आणि त्याच मुलापुरता पीसीआर (डीएनएचा नेमका तुकडा असंख्य पटींनी वाढवून शोधणारी चाचणी) बांधायचा. मग वर्तुळाचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा तपासायचा. एका तुकड्यावर पेशी मोजक्याच, त्यामुळे एकात सांधा सापडतो, शेजारच्यात नाही. सगळे तुकडे कोरे निघाले तरी जन्मवेळी सांधा नव्हताच असं म्हणता येत नाही. दुसऱ्या मुलाचा नमुना मिसळला तर सांध्यावरून चोरी पकडली जाते. खरी भीती त्याच मुलाच्या आजारी पेशींचा अंश कार्डाला लागण्याची. म्हणून आजारी पेशी वाचणं आणि कार्ड तपासणं ही दोन्ही कामं एका टेबलावर करून चालत नाही.

सुरुवात पोटातच होते, हे जुळ्यांनी आणखी पक्कं केलं. एकाच वारेवर वाढणाऱ्या एकसारख्या जुळ्यांत रक्तपेशी इकडून तिकडे जातात. १९९९ साली नोंदलेल्या एका जोडीत एकाला पाचव्या वर्षी आणि दुसऱ्याला चौदाव्या वर्षी ल्युकेमिया झाला. दोघांतला सांधा तंतोतंत एकच. नऊ वर्षांचं हे अंतरच सांगतं की नुसता सांधा पुरत नाही.

२००२च्या एका अभ्यासात नाळेच्या रक्ताच्या सुमारे १ टक्का नमुन्यांत हा सांधा आढळला. नंतरच्या मोजण्यांत आकडा बराच वरखाली झाला आहे. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया मात्र, सगळे प्रकार धरूनही, साधारण २००० मुलांमागे एकाला होतो. म्हणजे सांध्यानंतर डीएनएवर दुसरा घाव बसावा लागतो. प्रतिपिंडांत विविधता यावी म्हणून बी पेशींच्या (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) डीएनएची कापाकापी करणारं रॅग नावाचं विकर असतं. ते भलत्याच जागी कात्री चालवतं, तेव्हा पेशीला लगाम घालणारे तुकडे गळून पडतात. ग्रीव्ह्ज यांच्या मते पहिल्या वर्षी संसर्गांची ओळख कमी झाली, तर नंतर साध्या संसर्गालाही प्रतिकारशक्ती अतिरेकी प्रतिसाद देते आणि हा घाव बसतो. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात पहिल्या वर्षी पाळणाघरात जाणाऱ्या मुलांत धोका कमी दिसला. पण म्हणून काही तान्ह्या बाळाला मुद्दाम आजारी माणसाजवळ न्यायचं नाही. संसर्गाने होणारं नुकसान लगेचचं आणि खरं असतं.

मग प्रत्येक बाळाचं कार्ड तपासावं का? नको. सांधा सापडला तरी बहुतेकांना काहीच होणार नाही आणि तो काढून टाकायचं औषध नाही. आईबापांच्या वाट्याला येईल ती फक्त धास्ती. अपवाद एकच, ल्युकेमिया झालेल्या मुलाचं एकसारखं जुळं भावंड. त्याच्यावर मात्र रक्ततज्ज्ञांची नजर हवी, अंगात काहीही लक्षण नसलं तरी.