कंपायलरची निवड (डेस्कटॉप ॲप्लिकेशनसाठी)

खिडक्या, बटणे, तक्ते असलेला प्रोग्राम लिहिण्याआधी कोणता कंपायलर आणि त्याच्या जोडीला कोणती साधने घ्यायची, हा निर्णय. कंपायलर सोर्स कोडचे मशीन कोडमध्ये रूपांतर करतो. पण नुसत्या कंपायलरने पडद्यावर एक बटणही उमटत नाही. कोडचे तुकडे जोडणारा लिंकर, खिडक्या काढणारी लायब्ररी (टूलकिट), फॉर्म मांडायचा डिझायनर आणि चुका शोधायचा डिबगर हा सगळा संसार एकदमच निवडावा लागतो.

खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात, असे प्रोग्राम प्रामुख्याने धंद्यासाठी लागतात: दालमिल आणि जिनिंगचा साठा, सराफाची पावती, रावेर-यावलकडच्या केळीच्या गाडीचे वजन. भुईकाट्याच्या इंडिकेटरमधून आरएस-२३२ (सिरीयल) केबलने आकडा येतो, तो वाचून बिल छापायचे, एवढेच काम. गिऱ्हाईक भाषा विचारत नाही. विचारते ते एवढेच: ‘दादा, हाई आमना कंप्युटरवर चाली का?’ निवडीचा खरा निकष हाच आहे.

इथल्या अनेकांची कंपायलरशी पहिली ओळख टर्बो सी++ च्या निळ्या पडद्यावर झाली. १९९० सालचे हे बोरलँड कंपनीचे, डॉस या विंडोजआधीच्या प्रणालीवरचे साधन. त्यातल्या चित्रे काढायच्या ‘ग्राफिक्स डॉट एच’ने ६४० बाय ४८० च्या पडद्यावर १६ रंगांत वर्तुळ काढता येते, पण त्याला डेस्कटॉप ॲप्लिकेशन म्हणत नाहीत. ६४ बिटी विंडोजवर १६ बिटी प्रोग्राम चालतच नाहीत, म्हणून ते डॉसबॉक्समध्ये (डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) कोंडून चालवावे लागते. परीक्षेपुरते ठीक, त्यावर धंद्याचे काम उभे करू नये.

व्हिज्युअल बेसिक ६ (१९९८) अजूनही काही दुकानांत बिले छापते. त्याच्या विकाससाधनाचा आधार २००८ मध्ये संपला, आणि त्याचे मूळ कंट्रोल (बटणे, चौकटी) युनिकोड, म्हणजे मराठीसह सगळ्या लिप्यांची अक्षरे मांडायची पद्धत, जाणत नाहीत. नवे काम त्यात सुरू करण्यात अर्थ नाही. सी शार्प ही भाषा आणि विनफॉर्म्स हे तिचे टूलकिट, हा आजचा सोपा रस्ता: तिचे प्रोग्राम चालवणारे डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ विंडोज ११ मध्ये आधीपासूनच असते, त्यामुळे एक्झी (प्रोग्रामची चालवायची फाईल) छोटी राहते. गंमत म्हणजे विंडोजच्या मायक्रोसॉफ्ट डॉट नेट फोल्डरमध्ये सी शार्पचा एक जुना कंपायलर पडलेलाच असतो. फक्त तो भाषेच्या पाचव्या आवृत्तीच्या पुढे जात नाही. विनफॉर्म्स विंडोजपुरतेच आहे, हे मात्र धरून चालावे.

फ्री पास्कल हा पास्कल भाषेचा कंपायलर आणि त्यावरचे लाझारस हे विकाससाधन (१९९९ पासून) यांची चर्चा कमी होते, त्या मानाने त्यांची योग्यता मोठी. डेल्फी या पास्कलच्याच साधनाच्या वळणाचा फॉर्म डिझायनर, फुकट, आणि साधा प्रोग्राम एकाच एक्झीत मावतो. पेन ड्राइव्हवर टाकून न्यावी आणि काट्याच्या खोलीतल्या मशीनवर डबल क्लिक करावी. डिबग माहिती काढून टाकायला विसरले तर ती एक्झी विनाकारण फुगते.

सी++ घेणाऱ्याला क्यूटी हे टूलकिट आणि मिनजीडब्ल्यू हा फुकट कंपायलर किंवा मायक्रोसॉफ्टचा कंपायलर हा भक्कम पर्याय. पण इथे पहिली ठेच ठरलेली. आपल्या लॅपटॉपवर प्रोग्राम झकास चालतो आणि गिऱ्हाइकाकडे नेला की सी++ ची रनटाइम डीएलएल (प्रोग्रामला चालताना लागणारी फाईल) सापडत नाही असा निरोप येतो. क्यूटीबरोबर येणारे ‘विनडिप्लॉयक्यूटी’ चालवले की लागणाऱ्या फायली एक्झीशेजारी गोळा होतात. मिनजीडब्ल्यूमध्ये ‘एमविंडोज’ हा पर्याय दिला नाही तर खिडकीमागे एक काळी कन्सोल खिडकीही उघडते. गिऱ्हाईक ती बंद करते आणि प्रोग्रामही बंद पडतो. शिवाय क्यूटी ६ ला किमान विंडोज १० लागते. विंडोज ७ वरच्या जुन्या मशीनसाठी क्यूटी ५.१५ वर थांबावे लागते.

मराठी अक्षरांची परीक्षा मात्र सगळ्यांचीच घ्यावी. ‘केळी’ हा शब्द डोळ्याला दोन अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये ती चार चिन्हे आहेत: क, एकाराची मात्रा, ळ, दीर्घ वेलांटी. लाझारस मजकूर यूटीएफ-८ मध्ये ठेवतो, त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे, त्यामुळे तिथे लांबी मोजणारे ‘लेंग्थ’ १२ सांगते. क्यूटी मजकूर ठेवते त्या क्यूस्ट्रिंगची लांबी ४ भरते. पावतीवर गावाचे नाव ठरावीक रुंदीत बसवताना याच हिशेबाने शब्द मधूनच तोडला, तर मात्रा तुटून चौकोन छापला जाऊ शकतो. लेबलवर ‘बऱ्हाणपूर’ लिहून ऱ्ह नीट जुळतो का, बॅकस्पेस मारल्यावर काय पुसले जाते, हे निवडीआधी पाहून घ्यावे. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असेल तर आणखी एक भर: त्याच्या साध्या टेक्स्ट मोडमध्ये सहसा देवनागरी नसते. पावती चित्र म्हणून ड्रायव्हरमार्फत पाठवावी लागते, आणि ती छापून होईपर्यंत मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवू लागतो.