लोणार: राष्ट्रीय भू-वारसा स्मारक आणि राष्ट्रीय संरक्षित स्मारक

लोणार सरोवराला ‘राष्ट्रीय वारशाचा दर्जा’ द्यावा, ही मागणी निवेदनांतून, ठरावांतून आणि बातम्यांतून पुन्हा पुन्हा वाचायला मिळते. तिच्यामागची कळकळ खरी आहे. मात्र या मागणीतला दर्जा सरोवराला पूर्वीच मिळालेला आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लोणारचे विवर राष्ट्रीय भू-वारसा स्मारक म्हणून कधीच जाहीर केले आहे. मागणी करणाऱ्यांच्या मनात प्रत्यक्षात असतो तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दर्जा, म्हणजे ‘राष्ट्रीय महत्त्वाचे संरक्षित स्मारक’ हा. या दोहोंची सरमिसळ इतकी रूढ झाली आहे की जबाबदार लेखनातही ‘विवर राष्ट्रीय स्मारक असल्याने शंभर मीटरच्या आत बांधकामाला बंदी आहे’ असे विधान बिनदिक्कत केले जाते.

पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक वाचकांच्या परिचयाचे आहे. अजिंठा, वेरूळ, दौलताबाद यांना प्राचीन स्मारकांसाठीच्या 1958 च्या कायद्याचे संरक्षण आहे. स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढील 200 मीटरपर्यंत परवानगीची अट असते. लोणार गावातील दैत्यसूदन मंदिर याच प्रकारात मोडते. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खाण मंत्रालयाकडे आणि पुरातत्त्व सर्वेक्षण संस्कृती मंत्रालयाकडे आहे, हा फरक ध्यानात ठेवला तर बरा, नाही ठेवला तरी फारसे बिघडत नाही.

बिघडते ते पुढच्या मुद्द्यावर. 1958 च्या कायद्यात स्मारकाची व्याख्या दिलेली आहे. बांधकाम, दफनस्थळ, लेणे, शिल्प, शिलालेख अशा गोष्टी तीत येतात. त्यांना ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्व असावे लागते आणि त्या किमान 100 वर्षे जुन्या असाव्या लागतात. बेसाल्ट खडकावर अशनी आदळून तयार झालेले, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर या व्याख्येत बसत नाही, मग त्याचे वय कितीही असो. विवरातील काही मंदिरे या कायद्याने संरक्षित आहेतही. सरोवर स्वतः मात्र त्या मार्गाने संरक्षित होणार नाही. दुसरीकडे, भू-वारसा स्मारक हा दर्जा शास्त्रीय मूल्याची अधिकृत नोंद आहे. तो जाहीर झाल्याने त्या जागेभोवती बंदीचे क्षेत्र आपोआप आखले जात नाही, बांधकाम करणाऱ्याला त्या दर्जाखाली शिक्षा होत नाही आणि जमिनीची मालकीही बदलत नाही. जागा राखण्याची अपेक्षा राज्य शासन व सर्वेक्षण यांच्याकडून केली जाते. ती मोडल्यास लागू होईल असे कलम त्या दर्जात नाही. म्हणजे संरक्षित स्मारकाचा दर्जा हे कायद्याचे कवच आहे आणि भू-वारसा स्मारक हा गौरव आहे. गौरव मोलाचाच आहे, पण त्याच्या भरवशावर कुणी निर्धास्त राहू नये.

लोणारच्या बाबतीत ही उणीव नेमकी कुठे जाणवते, हे फारसे कुणी सांगत नाही. आघाताच्या वेळी उसळून बाहेर पडलेल्या खडकांचा थर विवराच्या काठापलीकडे शेतांत आणि वस्तीखाली पसरलेला आहे. आघाताचा अभ्यास करणाऱ्यांना हा थर खुद्द विवराइतकाच महत्त्वाचा वाटतो. विवराच्या उत्तरेला अंबर तळे नावाचे लहान खळगे आहे, तेही अभ्यासाचा विषय आहे. वन्यजीव अभयारण्याची हद्द मुख्यतः विवरापुरती आहे. बाहेरचा थर खणला गेला किंवा त्यावर इमारत उभी राहिली, तर भू-वारशाचा दर्जा ते रोखू शकत नाही.

प्रत्यक्ष कायद्याचा जोर आज आहे तो 2000 साली अधिसूचित झालेल्या लोणार अभयारण्यात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 29 व्या कलमाप्रमाणे अभयारण्यात येणारा किंवा तेथून जाणारा पाण्याचा प्रवाह वळवणे, अडवणे अथवा वाढवणे परवान्याविना निषिद्ध आहे. सरोवराचे खारे आणि अतिशय अल्कधर्मी पाणी हेच त्याचे वैशिष्ट्य असल्यामुळे, वस्तीतून उतरणाऱ्या सांडपाण्याच्या प्रश्नावर माझ्या मते हे कलम कोणत्याही नव्या पाटीपेक्षा अधिक उपयोगी आहे. 2020 मध्ये मिळालेला, पाणथळ जागांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराखालचा रामसर दर्जा अशा जागेच्या सुज्ञ वापरासाठी आहे. त्यालाही वारसा दर्जा म्हणण्याची सवय सोडावी.

भू-वारसा स्थळांना खरे कायदेशीर बळ देणाऱ्या विधेयकाचा मसुदा खाण मंत्रालयाने डिसेंबर 2022 मध्ये जनतेच्या अभिप्रायासाठी प्रसिद्ध केला. केंद्र सरकारला अशी स्थळे राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित करता यावीत, हा त्याचा हेतू होता. मसुदा म्हणजे कायदा नव्हे, आणि निवेदनाचा रोख इथेच असायला हवा. ‘दर्जा द्या’ एवढेच लिहिलेल्या पत्राला ‘दर्जा दिलेला आहे’ असे उत्तर देऊन ते दप्तरी दाखल करणे सोपे असते. त्याऐवजी भू-वारशाचा कायदा मंजूर करावा, त्यात विवराबाहेरील उत्क्षेपित थर व अंबर तळे यांचा स्पष्ट समावेश व्हावा आणि तोवर 29 व्या कलमाची अंमलबजावणी कशी होत आहे याचा लेखी अहवाल वनविभागाने द्यावा, असे निवेदनात लिहावे.