मोडाफिनिल म्हणजे ‘कडक चहा’ नव्हे

ऐरोली-महापेच्या नाइट शिफ्टवाल्यांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: मोडाफिनिल ही जागं ठेवणारी गोळी म्हणजे कडक चहाच, मेंदूला चटक लावणाऱ्या डोपामिन या रसायनाला हातही लावत नाही, म्हणून सवय लागत नाही. साफ चूक. चहातलं कॅफिन अडेनोसिन या झोप आणणाऱ्या रसायनाची जागा अडवतं. ही गोळी वेगळीकडे घुसते. मेंदूतल्या पेशी सोडलेलं डोपामिन एका वाहक प्रथिनातून परत आत ओढतात. गोळी तो वाहकच अडवते आणि डोपामिन बाहेर साचतं. अमेरिकी मेंदू-संशोधक नोरा वोल्कोव यांच्या गटाने २००९ मध्ये १० निरोगी पुरुषांच्या पेट स्कॅनमधून हे दाखवलं, तेही मेंदूतल्या व्यसनाशी निगडित भागात, न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बेन्समध्येसुद्धा! अ‍ॅम्फेटामिनसारख्या उत्तेजकापेक्षा धोका कमी, हे मान्य. पण आहे. आणि पहाटे ठाणे लोकलमध्ये डोळे टक्क उघडे असले, तरी झोपेची उधारी तशीच असते.