‘फॉरमॅट करायची का?’ याला आधी ‘नाही’ म्हणा

जुनी फ्लॉपी घातली की संगणक कधीकधी विचारतो, ‘डिस्क फॉरमॅट केलेली नाही. आता करायची का?’ बरेच जण ‘हो’ म्हणतात, नाहीतर फ्लॉपी भंगारात टाकतात. कृपया दोन्ही करू नका. रत्नागिरी-सावंतवाडीकडच्या कपाटांत अशा फ्लॉप्या अजून सापडतात आणि देवस्थानाचे हिशेब, दशावताराची टिपणे किंवा गावऱ्हाटीची माहिती एखादीवरच उरलेली असू शकते.

त्या संदेशाचा अर्थ एवढाच, की सुरुवातीच्या सेक्टरमध्ये, म्हणजे चकतीवरच्या पहिल्या छोट्या तुकड्यात, ओळखीचे काही मिळाले नाही. १.४४ एमबीच्या फ्लॉपीला दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक (गोल पट्टे) आणि प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर असतात. म्हणजे एकूण २८८० सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइटचे. फाइल, फोल्डर, नावे ही सगळी त्यावर रचलेली व्यवस्था. ती कोलमडली तरी खालचे सेक्टर क्रमांकाने मागता येतात. डॉसच्या डीबग प्रोग्रामात ‘एल १०० ० ० १’ अशी आज्ञा दिली की ए ड्राइव्हमधला शून्य क्रमांकाचा सेक्टर जसाच्या तसा मेमरीत येतो.

त्यात काय पाहायचे? डॉसच्या फ्लॉपीवर पहिला बाइट सहसा २३५ किंवा २३३ असतो, शेवटचे दोन ८५ आणि १७०. पण हीच जोडी हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरच्या शेवटीही असते, त्यामुळे तेवढ्यावर निकाल देता येत नाही. आतमध्ये ‘फॅट१२’ (फॅट म्हणजे कुठली फाइल कुठे आहे त्याचा तक्ता ठेवणारी व्यवस्था, हा तिचा एक प्रकार) अशी अक्षरे दिसली तरी तीही निर्णायक नव्हेत. प्रकार ठरतो क्लस्टरांच्या, म्हणजे फाइलींना वाटून दिलेल्या जागेच्या तुकड्यांच्या, संख्येवरून: ४०८५ पेक्षा कमी असतील तर फॅट१२. आपल्या फ्लॉपीवर ते २८४७ भरतात. शिवाय माध्यमाचा प्रकार सांगणारा बाइट (इथे २४०) पहिल्या सेक्टरात असतो, तसा फॅट तक्त्याच्या सुरुवातीलाही असतो. दोन्हीकडे तोच आकडा मिळाला की खात्री वाढते. १९८१ च्या पहिल्या डॉसच्या फ्लॉप्यांवर पहिल्या सेक्टरात फ्लॉपीच्या रचनेचे हे वर्णन नव्हतेच, तिथे तक्त्यातल्या त्या बाइटवरच भिस्त ठेवावी लागते.

पहिला सेक्टर पार गेला असेल तर? मला या रचनेचे सगळ्यात मोल वाटते ते इथे. नेहमीच्या १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर १ ते ९ सेक्टरांत फॅटचा तक्ता, १० ते १८ मध्ये त्याचीच दुसरी प्रत, १९ ते ३२ मध्ये मुख्य डिरेक्टरी आणि ३३ पासून मजकूर. डिरेक्टरीत प्रत्येक फाइलची ३२ बाइटची नोंद: नाव, आकार, सुरुवातीचा क्लस्टर. पुसलेल्या फाइलच्या नावाचे पहिले अक्षर जाऊन तिथे २२९ येतो आणि क्लस्टरांची साखळी मोकळी होते. मजकूर मात्र त्यावर दुसरे काही लिहीपर्यंत तिथेच राहतो. पूर्ण फॉरमॅटने मात्र प्रत्येक ट्रॅक नव्याने लिहिला जातो. म्हणून तो ‘हो’ महागात पडतो.

कधी फ्लॉपी धडधाकट असते, पण परकी असते. अमिगा संगणकाची ८८० केबीची किंवा जुन्या मॅकिंटॉशची ८०० केबीची फ्लॉपी दिसायला तशीच, पण तिची लेखनपद्धत वेगळी. पीसीच्या कंट्रोलरला (फ्लॉपी ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपला) तिचे सेक्टरच दिसत नाहीत. तिथे चुंबकीय बदलच टिपणारे वेगळे उपकरण लागते.

आपल्याकडे मोठी अडचण हवेची. पावसाळ्यातल्या दमटपणात चकतीवर बुरशी धरते. ड्राइव्हमध्ये घालण्याआधी धातूची पट्टी सरकवून, चकती फिरवत उजेडात बघा. पांढरे डाग दिसले तर साफ केल्याशिवाय घालू नका, नाहीतर चकती ओरखडते आणि ड्राइव्हचे वाचणारे हेडही घाण होते. मग फ्लॉपीच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी ठेवून तिच्यावर लिहिणे बंद करा, सगळ्या सेक्टरांची एक प्रतिमा-फाइल उतरवा आणि पुढची खटपट त्या प्रतिमेवरच करा.

फाइल निघाली तरी मराठी मजकूर अगम्य दिसेल. युनिकोड रुळण्यापूर्वी भारतीय लिप्यांसाठी १९९१ चे इस्की मानक होते, आणि डीटीपीच्या फॉन्टांची ज्याची-त्याची मांडणी. इस्कीत आपली अक्षरे १६० च्या वरच्या बाइटांत बसतात, ‘क’ म्हणजे १७९. बाइट शाबूत असतील तर ते उलगडायला घाई नाही.