नूडल रॉड

सॅमन व स्टीलहेड (समुद्रात किंवा मोठ्या सरोवरात वाढून नदीत चढणारा रेनबो ट्राउट मासा) गरवण्याची लांब, अतिशय लवचिक काठी. (मुंबईच्या बाजारात ‘इंडियन सॅमन’ म्हणून मिळणारा रावस निराळ्या कुळातला.) लांबी साधारण १० ते १५ फूट. मासा लागला की ही काठी शेंड्यापासून मुठीपर्यंत शिजलेल्या शेवईसारखी वाकते, नाव त्यावरूनच पडले.

तिचा वापर मुख्यतः उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांना मिळणाऱ्या नद्यांवर होतो. पॅसिफिक सॅमन तिथला मूळचा नव्हे. सरोवरात आलवाइफ हा छोटा मासा बेसुमार वाढला होता. त्याला खाणारा हवा म्हणून मिशिगन राज्याने १९६६ मध्ये कोहो आणि १९६७ मध्ये चिनूक जातीची पिल्ले सोडली. मोठे झालेले हे मासे शरद ऋतूत अंडी घालायला नदीत चढतात. पाणी उथळ आणि नितळ असेल तर जाड दोरा दिसताच ते बुजतात. त्यामुळे २ ते ६ पौंड ताकदीचा बारीक दोरा वापरावा लागतो. ८ किलोच्या चिनूकने मुसंडी मारली की असा दोरा ताठ काठीवर तटकन तुटतो. नूडल रॉड तो हिसका स्वतः वाकून पचवते.

लांबीचा आणखी एक उपयोग आहे. दोरा पाण्यावर पडून राहत नाही, त्यामुळे फ्लोट (दोऱ्यावरची तरंगणी) प्रवाहाच्या वेगाने वाहतो. आमिष बहुधा गाभोळीचे असते: सॅमनची पाच-सहा अंडी जाळीदार कापडात बांधून वाटाण्याएवढी पुरचुंडी करतात आणि ती ८ ते १२ नंबरच्या लहान गळात अडकवतात. फ्लोटखाली शिशाचे मणी अशा बेताने लावतात, की पुरचुंडी तळाच्या जरा वरून सरकत जावी.

खरी अडचण गळ रुतवताना येते. मऊ काठीचा झटका शेंड्यातच विरतो. म्हणून गळ बारीक तारेचा व अणकुचीदार लागतो आणि काठी झटका न देता लांब, सलग ओढावी लागते. रिळाचा ड्रॅग (दोरा सुटू देणारा ब्रेक) दोऱ्याच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाई इतकाच ठेवतात. जास्त आवळला तर दोरा गाठीपाशी तुटतो, कारण बहुतेक गाठींनी दोरा कमजोर होतो. कोरडी गाठ आवळली तर आणखीच. मासा पायाशी आल्यावर काठी उभी धरून मागे नेणे ही नवख्यांची ठरलेली चूक: सगळा भार शेंड्यावर येतो आणि शेंडा मोडतो. काठी आडवी धरून बाजूने ताण द्यावा, काठीच्या तुकड्यांचे सांधेही अधूनमधून तपासावेत. ते सैल झाले की तिथेच चीर जाते.

जोरदार प्रवाहात किंवा ओंडके अडकलेल्या डोहात ही काठी नेऊ नये, कारण तिने मासा वळवता येत नाही. झुंज लांबली की मासा दमून अर्धमेला होतो. पॅसिफिक सॅमन अंडी घातल्यावर मरतोच; स्टीलहेड मात्र सरोवरात परतू शकतो, आणि सोडून द्यायचा असेल तर त्याच्यासाठी थोडा जाड दोरा बरा.