मेकअपच्या आधी चेहऱ्याचं काय करायचं? (नवरीसाठी आणि तिच्या आईसाठीही)

बुकिंगची पावती देताना आम्ही हे पत्रक हातात देतो. आईलाही वाचायला द्या, कारण शेवटच्या आठवड्यात चेहऱ्याला काय लावायचं ते बहुतेक घरांत आई, मावशी आणि आत्याच ठरवतात.

आमचा आग्रह एकच आहे. लग्नाच्या आधीच्या सात दिवसांत चेहऱ्याला नवीन काहीही लावू नका. नवीन क्रीम नको, नवीन उटणं नको, मैत्रिणीला 'एकदम सूट झालेलं' सीरम तर नकोच.

दोन सीझनपूर्वी एक नवरी आली होती. लग्नाच्या दोन दिवस आधी 'ग्लो येईल' म्हणून कोणीतरी तिला पील (आम्ल लावून त्वचेचा वरचा थर सोलून काढणं) करायला लावलं होतं. मुहूर्ताच्या सकाळी खुर्चीत बसली तेव्हा नाकपुड्यांच्या कडेला आणि हनुवटीवर बारीक पापुद्रे सुटत होते. बेस (फाउंडेशन) लावला की एकेक पापुद्रा उठून दिसायचा, पुसला की खालची जागा लालबुंद. पाऊण तास त्यातच गेला. हातातल्या सगळ्या वस्तू वापरूनही पापुद्रा झाकता येत नाही, हे तेव्हापासून आम्ही स्पष्ट सांगतो.

सुरुवात कधी करायची?

त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण 28 दिवस लागतात. त्यामुळे आज सुरू केलेल्या गोष्टीचा फरक महिन्याभराने दिसतो. पिंपल्स, वांग, काळे डाग असतील तर तीन महिने आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ते आमचं काम नाही आणि आम्ही ते करत असल्याचं भासवणारही नाही.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली 'गोरं होण्याची' ट्यूब वापरत असाल तर ट्रायललाच (लग्नाआधीच्या चाचणी मेकअपलाच) सांगा, लाजू नका. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. चार दिवस चेहरा उजळ दिसतो, मग कातडी पातळ होते, लाली येते, गालावर लव वाढते. आणि ती एकदम बंद केली की चेहरा आणखी बिघडू शकतो, म्हणून बंदही डॉक्टरांना विचारूनच करायची.

बाकी रोजचं साधंच आहे: सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सकाळी एसपीएफ 30 चं सनस्क्रीन. भर दुपारी स्कूटीवरून पत्रिका वाटत फिरणार असाल तर दोन-तीन तासांनी सनस्क्रीन पुन्हा लावा, तोंडाला स्कार्फ बांधला असला तरी. तेलकट चेहऱ्यालाही मॉइश्चरायझर लागतंच. लिंबू आणि खायचा सोडा मात्र स्वयंपाकघरातच राहू द्या. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर काळे चट्टे पडू शकतात.

फेशियल सवयीचं असेल तर सात-आठ दिवस आधी. थ्रेडिंग आणि वॅक्स दोन-तीन दिवस आधी, म्हणजे लाली आणि पुरळ बसायला वेळ मिळतो. रेटिनॉल (सुरकुत्या आणि पिंपल्सच्या क्रीममध्ये असतं ते) लावत असाल तर वॅक्सच्या आठवडाभर आधी बंद करा, नाहीतर वॅक्ससोबत कातडी सोलून निघते.

हळदीचं काय?

सगळ्यात जास्त प्रश्न याचेच येतात. हळद लावायचीच, त्याला आमची ना नाही. पण आधी चेहऱ्याला, मानेला आणि केसांच्या रेषेवर खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवा. पाच सवाष्णींनी गालाला बोट लावलं की विधी झाला. भावंडांनी वाटी डोक्यावर पालथी करायची ती फोटोसाठी, आणि त्या फोटोची किंमत दुसऱ्या दिवशी पिवळ्या कानामागे आम्ही मोजतो.

उष्टी हळद मुलाकडून येते, तिच्यात काय कालवलंय ते आपल्याला माहीत नसतं. कधी अत्तर असतं, कधी बाजारची रंग घातलेली पावडर. ती चिमूटभर हातापायांना लावा, चेहऱ्याला घरची वापरा. घरची हळदही आठवडाभर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघून घ्या.

काढताना साबण नको. हळदीत चुना कालवला की कुंकवाचा लाल रंग येतो, हे आजीला विचारा. साबणानेही हळद तशीच लालसर होते. हळद तेलात विरघळते, म्हणून कापसावर खोबरेल तेल घेऊन हलक्या हाताने पुसा, मग डाळीचं पीठ आणि दही लावून कोमट पाण्याने धुवा. घासायचं नाही. थोडा पिवळेपणा राहिला तर राहू द्या, तो बेसखाली जातो. घासून सोललेला गाल जात नाही.

काळी मेंदी नको. तिच्यात केसांच्या डायमधलं रसायन असतं, हातावर फोड येऊ शकतात. चंद्रकोरीची टिकली आधी दोन-तीनदा लावून बघा. टिकलीच्या गोंदाने कपाळावर खाज किंवा पांढरा डाग येत असेल तर आम्ही चंद्रकोर रंगाने काढून देऊ.

लग्नाच्या सकाळी

केळवणांची जागरणं आता भरून निघणार नाहीत, त्याची काळजी सोडा. चेहरा धुवा, नेहमीचं मॉइश्चरायझर लावा आणि तसंच या. सनस्क्रीन लावू नका. काही सनस्क्रीनमुळे फ्लॅशच्या फोटोत चेहरा पांढराफटक येतो. होमाच्या धुराने डोळ्यांत पाणी येतं, म्हणून काजळ आम्ही वॉटरप्रूफच लावतो. लेन्स वापरत असाल तर मेकअपच्या आधी घालून बसा.

पोटात काहीतरी असू द्या, उपमा-पोहे काहीही. आणि समोर बटणं असलेला शर्ट किंवा गाऊन घालून या. टीशर्ट डोक्यावरून काढताना अर्धा मेकअप त्याच्यासोबत जातो.