पिकअपचं मागचं डिफरन्शियल बदलायच्या आधी हे वाचून घ्या

मार्केट यार्डात कांदा उतरवून परत निघालं की मागून ऊंऊं आवाज येतो, अशी तक्रार घेऊन पिकअपवाले आमच्याकडं येतात आणि बरेच जण येतानाच ठरवून येतात की डिफरन्शियल (मागच्या एक्सलच्या मधला, इंजिनचा जोर दोन्ही चाकांना वाटणारा गोळा) गेलं, दुसरं टाका. आमचं म्हणणं, आधी आवाज कुठला ते बघू.

अ‍ॅक्सिलेटर दाबला की आवाज चढतो आणि सोडला की बदलतो, मग बहुतेक क्राऊन-पिनियन (मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर) नाहीतर पिनियनचं बेअरिंग. सरळ रस्त्याला गप्प आणि वळणावर कटकट, तर आतले स्टार पिनियन, म्हणजे वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे छोटे गिअर. रिव्हर्स टाकताना नुसतं ठक्क होत असेल तर प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा क्रॉस ढिला असू शकतो, तो थोडक्यात भागतो, त्याच्यासाठी हाऊसिंग (डिफरन्शियलचं बाहेरचं कवच) उघडायचं काही कारण नाही. चाकाचं बेअरिंग पण असंच गुरगुरतं म्हणून गाडी उचलून चाकं हातानं फिरवून बघतोच. मग तेलाचा ड्रेन प्लग काढून तुमच्या हातात देतो. त्याच्यावर करड्या रंगाची मऊ पेस्ट असली तर ती नेहमीची झीज, पण बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर उघडावंच लागतं.

आपल्याकडं स्टार पिनियन जायचं एक कारण म्हणजे काळं रान. पावसात गाडी रुतते, एक चाक जागेवर गरगर फिरतंय, दुसरं हलत नाही आणि ड्रायव्हर दाबतोच आहे, तेव्हा ते छोटे गिअर प्रचंड वेगानं फिरतात, तेल पुरत नाही आणि पिनवर घासून चिकटतात. चाकाखाली पोतं टाका, फळी टाका, ट्रॅक्टर बोलवा, पण दाबत राहू नका. मागं एक टायर नवा आणि एक गुळगुळीत असला तरी ते गिअर सरळ रस्त्यावर सुद्धा फिरत राहतात.

बदलायचंच ठरलं तर रेशो जुळलाच पाहिजे. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात, म्हणजे ४१ ला ११ असले तर ३.७३, ४१ ला १० असले तर ४.१०. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, आणि चुकीचं बसलं तर गाडी तुळजापूरच्या घाटात भरून चढत नाही किंवा पुणे हायवेला इंजिन ओरडत डिझेल पितं. फोर बाय फोरला तर पुढचा-मागचा रेशो एकच लागतो.

सेकंडहँड असेंब्ली स्वस्त पडते, पण ती उघडून दात आणि बेअरिंग बघितल्याशिवाय आम्ही बसवत नाही. हाऊसिंग आणि एक्सल सरळ असले तर आमचा सल्ला नवीन क्राऊन-पिनियन, सगळी बेअरिंग आणि सील असाच असतो. क्राऊन आणि पिनियन जोडीनंच टाकायचे, कारखान्यात ते एकमेकांबरोबर घासून जोडी लावलेले असतात. फिटिंगला वेळ लागतो तो सेटिंगला. डायल गेजवर प्ले, म्हणजे दातांमधली मोकळी जागा, कंपनीच्या मापात आणायचा, मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागाचा खेळ असतो हा, मग दातांना रंग लावून ठसा बघायचा, ठसा दाताच्या टोकाला गेला की परत खोलून शिम (मधली पातळ चकती) बदलायची. हे घाईघाईत उरकलं की नवीन माल पण आवाज करतो, म्हणून गाडी आजच पाहिजे म्हणून घाई करू नका.

हाऊसिंग आतून धुतोच, जुना चुरा राहिला तर तो नवीन बेअरिंग खातो. वरचा ब्रीदर (हवा जायचं भोक) मातीनं बुजलेला असतो, तो मोकळा करतो, नाहीतर तेल तापून प्रेशर होतं आणि सीलमधून ब्रेक लायनरवर येतं. गिअर ऑइल जीएल-५ ग्रेडचंच.

गाडी मिळाल्यावर पहिले १५-२० किलोमीटर मोकळी चालवून थांबा, हाऊसिंग थंड होऊ द्या. पहिले ५०० किलोमीटर निम्मा लोड, मग तेल बदलायला या. काढलेला माल पोत्यात बांधून तुमच्याच हौद्यात ठेवतो, आणि गाडी आणताना मोकळी आणा, आरसी बुक बरोबर असू द्या, पार्ट चेसिस नंबरवरूनच मागवतो.